पिंगुळीच्या पोथ्या गावाला परत देताना

संग्रहालयातल्या चित्रकथी पोथ्यांचे (चित्रं दाखवत, गाऊन कथा सांगायच्या लोककलेतल्या चित्रसंचांचे) फोटो कुडाळजवळच्या पिंगुळीत, ठाकर आदिवासी कलाकारांपर्यंत पोचवायचं तुम्ही मनावर घेतलंय, हे वाचून फार आनंद झाला. विचार नवा नाही. परदेशी अभ्यासकांनी भारतात केलेल्या ध्वनिमुद्रणांच्या प्रती इथे मिळाव्यात म्हणून १९८२ मध्ये एक स्वतंत्र संग्रह-केंद्र उभं राहिलं, ते आज गुरुग्रामला आहे.

स्कॅनरच्या आधी माणसं गाठा. ज्येष्ठांजवळ बसा, विचारा: काय परत हवंय? कोणाच्या हाती द्यायचं? बाहेरच्यांना काय दाखवायचं नाही? नवखे इथेच चुकतात. सगळं इंटरनेटवर टाकून मोकळे होतात आणि ज्यांचं आहे त्यांनाच पत्ता नसतो. संग्रहालयाची लेखी परवानगी लागतेच, पण ती मिळाली म्हणून ज्या कलाकार घराण्याची ती पोथी, त्याची मिळाली असं धरू नका.

मग एवढं पाळा:

- पोथीतली चित्रं सुटी असतात. त्यांचा क्रम कलाकारांकडूनच लावून घ्या. क्रम चुकला की आख्यान तुटतं. वीणा, टाळ, हुडूक (छोटं चर्मवाद्य) यांच्या साथीनं ते आख्यान रेकॉर्ड करता आलं तर सोन्याहून पिवळं!
- मूळ फाइल टिफमध्ये (बारकावे टिकवणारा, मोठ्या फाइलचा प्रकार), मोबाइलसाठी जेपेग (लहान फाइल). व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की बारकावे जातात.
- पावसात रेंजचा भरवसा नाही. घरात हार्ड डिस्क द्याच.

मेटाडेटाचं, म्हणजे प्रत्येक चित्राच्या सविस्तर नोंदींचं, आत्ता डोक्यात घेऊ नका. एकच पोथी घ्या. पहिल्या बैठकीत काय ठरलं ते कळवा, पुढचं तेव्हा बोलू.