खालची अक्कलदाढ नसेला चिकटलीय, काढली तर ओठ कायमचा बधिर होईल का?

डॉक्टरांनी ओपीजीत (पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत) दाढेखालची नस दाखवून सीबीसीटी (जबड्याचा थ्रीडी स्कॅन) करायला सांगितला, म्हणून तुम्ही घाबरलात. जबड्याच्या शस्त्रक्रिया हेच माझं रोजचं काम, आणि हा प्रश्नही रोजचाच.

तोंड वाकडं होईल ही भीती आधी काढून टाका. चेहरा हलवणारी नस वेगळी. दाढेखालची ही नस खालचे दात, त्या बाजूचा ओठ आणि हनुवटी यांची संवेदना नेते. तिला धक्का लागला तर चेहरा आहे तसाच दिसतो, पण चहा हनुवटीवर ओघळला तरी पत्ता लागत नाही. माझ्या एका पेशंटला दाढी करताना कापलेलं आरशात रक्त दिसल्यावरच कळायचं. तीन महिन्यांनी ओठाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मुंग्या आल्या म्हणजे नस जागी होतेय.

कायमचा बधिरपणा एकूण शंभरात एकालाही येत नाही. मुळं नसेला भिडलेली असली की मात्र धोका वाढतो. ओपीजीत नसेच्या नळीच्या दोन पांढऱ्या रेघा दिसतात. मुळापाशी रेघ तुटली, नळी वळली किंवा मूळ काळवंडलेलं दिसलं, की सीबीसीटी हवाच, कारण ओपीजी सपाट असतो. नस मुळाच्या कुठल्या बाजूला आहे ते त्यात कळत नाही. नस मुळांच्या बेचक्यात अडकलेली निघाली तर मी कोरोनेक्टमी सुचवतो. दाढेचा वरचा भाग काढायचा, मुळं आतच ठेवायची. कीड मुळापर्यंत गेली असेल किंवा दाढ हलत असेल तर हे जमत नाही.

जिभेच्या नसेबद्दल सहसा कोणी विचारत नाही. ती दाढेच्या आतल्या अंगाला, काहींच्यात अगदी हाडाच्या काठाला असते आणि सीबीसीटीत दिसत नाही. तिला इजा झाली तर चवही जाते. हे जरूर विचारा.

रक्त पातळ करणारी गोळी किंवा हाडं ठिसूळ झाल्याचं इंजेक्शन चालू असेल तर आधी सांगा. गोळी स्वतःहून बंद करू नका. आणि दाढ दुखत नसेल, कीड-सूज नसेल, तर ती काढायचीच का, हेही विचारायला लाजू नका.

भुलीचा असर चार-पाच तासांत उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळीही ओठ बधिरच असेल तर लगेच फोन करा, टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका.