रात्रीची लाईट अणूची असती का?

प्रश्न : आमच्याकडं शेतीपंपाला थ्री फेज बऱ्याचदा रात्रीच असती. गावात एकजण म्हणतो ही कर्नाटकातल्या कैग्याची अणूची वीज, भट्टी बंद करता येत नाही म्हणून रात्री आपल्या माथी मारतात. खरं काय? आणि तारापूर, कैगा, कुडनकुलम सगळीकडं एकच भट्टी असती का?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : गाववाल्याचं अर्धं बरोबर आहे. अणुभट्टी उभारायलाच पैसा बेक्कार लागतो, इंधनाचा खर्च त्यामानानं कमी, त्यामुळं एकदा चालू केली की रात्रंदिवस फुल लोडवर ठेवणंच परवडतं. संध्याकाळी लोड वाढला की पटकन चालू करायला आपली कोयना आहे, 1960 मेगावॅटची. पण देशाच्या विजेत अणूचा वाटा जेमतेम 3 टक्के, रुपयात बारा आणे अजून कोळसाच, तेव्हा तुमची मोटर अणूवर चालती हे काय पटत नाही. रात्री बाकीचा लोड कमी असतो म्हणून शेतीचा नंबर तेव्हा लागतो, आणि दिवसा लाईट पाहिजे तर आशा सोलर फीडरकडनं जास्त. शिवाय कैग्याचा वाटा दक्षिणेतल्या राज्यांच्या नावावर आहे, महाराष्ट्राला मिळते ती तारापूरची आणि गुजरातेतल्या काक्रापारची.

आता भट्ट्या. तारापूरच्या पहिल्या दोन 1969 च्या, अमेरिकन, त्यात पाणी भट्टीतच उकळतं आणि तीच वाफ थेट टर्बाईनला जाते. तमिळनाडूतल्या कुडनकुलमच्या रशियन, हजार-हजार मेगावॅटच्या, तिथं पाणी कुकरसारखं दाबाखाली ठेवतात, तीनशे डिग्रीलाही उकळत नाही, वाफ दुसऱ्या पाण्याची करतात. या दोन्हींना समृद्ध केलेलं, म्हणजे फुटणारा कामाचा भाग वाढवलेलं युरेनियम लागतं आणि तिथंच आपली अडचण होती, म्हणून कैग्यासारख्या बहुतेक देशी भट्ट्या जड पाण्यावर, म्हणजे जड हायड्रोजनच्या पाण्यावर आहेत. जड पाणी अणू फोडणाऱ्या न्यूट्रॉन कणांचा वेग कमी करतं पण त्यांना फारसं गिळत नाही, त्यामुळं खाणीतलं साधं युरेनियम चालतं, ज्यात कामाचा भाग 0.7 टक्के. भारी गोष्ट म्हणजे इंधन बदलायला भट्टी थांबवावी लागत नाही, इंधनाच्या कांड्यांचा अर्धा मीटर लांबीचा जुडगा मशीन एका टोकानं आत ढकलतं, वापरलेला दुसऱ्या टोकानं बाहेर. कैग्याचं पहिलं युनिट असंच सलग 962 दिवस चाललं, 2018 च्या शेवटी थांबलं.

जैतापूरला फ्रेंच भट्ट्या ठरल्यात, 1650 मेगावॅटच्या सहा. ते मात्र किती वर्षं झाली, कागदावरच आहे.