आता सही तुझी

चि. मुलीस, अनेक आशीर्वाद.

परवा तू गेल्यावर मोबाइलवर पाठवलेला गाण्याच्या कंपनीचा करार मी नीट वाचला. तू तो वाचलेला नाहीस, हे तुझ्या प्रश्नांवरूनच कळलं होतं. अभिनय सोडून गाण्याकडे वळू का, लोक मला ‘ती बिस्किटवाली’ म्हणायचं कधी थांबतील, पॉप गायले तर तुम्ही रागवाल का, नाव बदलू का, तासभर हेच चाललं होतं. (रागावणार नाही. नाव बदलू नकोस.) यातल्या कशानेही तुझं फारसं बिघडणार नाही. बिघडेल ते वेगळ्याच जागी. पुढच्या महिन्यात तुला अठरा पूर्ण होतात आणि कंपनीची मंडळी त्या तारखेची वाट बघताहेत. इतक्या घाईची माणसं महिनाभर का थांबली, असा प्रश्न तुला पडला नाही?

मी सांगते. आपल्याकडे अज्ञान, म्हणजे अठरा पूर्ण न झालेल्या, मुलाने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. 1872 चा करार कायदा आणि त्यावर 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने, दिलेला निकाल, तेव्हापासून हे पक्कं आहे. तिसऱ्या वर्षी बिस्कीट तोंडात धरून हसलीस, लक्ष्मी रोडवर गणवेशाच्या होर्डिंगवर झळकलीस, बाराव्या वर्षी मालिकेत नायिकेची धाकटी बहीण झालीस, तेव्हा कागदावर सही बाबांची होती. तुझ्या सहीला किंमतच नव्हती. ती आता येते आहे, आणि आलेली पहिली सही तू डोळे मिटून देऊन टाकायला निघाली आहेस.

म्हणून एकच सांगते, आणि पत्र संपेपर्यंत तेच सांगत राहणार आहे. आधी वाच, मग सही. तू स्वतः वाच. बाबांनी वाचलंय, कोऑर्डिनेटरकाकांनी बघितलंय, ‘स्टँडर्डच असतं ताई’, हे मला सांगायचं नाही. वाकडचा फ्लॅट भाड्याने देताना तुझे बाबा अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट ओळ न् ओळ वाचतात, भिंतीला खिळे किती ठोकायचे तेसुद्धा. इथे तुझा गळा जन्मभरासाठी जातोय आणि घरात कोणाला नऊ पानं वाचायला सवड नाही!

बाबांवर माझा अविश्वास नाही. एक्स्प्रेसवेवरून गोरेगावला नेता-आणताना गाडीत तुझ्याकडून भूगोल पाठ करून घेणारा माणूस आहे तो. तरी त्यांना शांतपणे विचार, माझी मुदतठेव कुठल्या बँकेत आहे? तू मालिकेत होतीस तेव्हा 2017 चे नियम लागू झालेले होते. बालकलाकाराच्या कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत त्याच्याच नावे ठेवायचे आणि ते त्याला सज्ञान झाल्यावर मिळायचे. दिवसात पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांच्या वर नाही, हेही त्यातच आहे. सेटवर हे तुला कोणी सांगितलं होतं? तुम्ही मागितलं नसेल, त्यांनी दिलं नसेल. आधी तेवढं बघून घे.

आणि ‘लहानपणीच्या सहीचं काय एवढं’ असं म्हणू नकोस. अमेरिकन अभिनेत्री ब्रूक शील्ड्स अकरा महिन्यांची असताना साबणाच्या जाहिरातीत आली. दहाव्या वर्षी तिचे काढलेले काही फोटो मोठेपणी तिला नकोसे झाले, म्हणून ती कोर्टात गेली. 1983 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सगळ्यात वरच्या न्यायालयाने सांगितलं की आईने संमतीपत्रावर सही केलेली आहे, मुलीला ती आता मोडता येणार नाही. तिच्यापाशी निदान ‘सही मी केली नव्हती’ एवढं म्हणायची सोय होती. तुझ्यापाशी तीही नसेल.

आता तुझा कागद. तीन गाणी नक्की, आणि त्यापुढची पाच घ्यायची की नाही ते कंपनी ठरवणार. तुला ते ‘आठ गाण्यांचं डील’ वाटलं ना? वाचलं असतंस तर दिसलं असतं की त्या पाच गाण्यांसाठी बांधलेली तू आहेस, त्यांना कशानेच बांधलेलं नाही. ते ठरवत बसतील तोवर तू दुसरीकडे कुठेही गायचं नाही, ‘कोणत्याही स्वरूपाचे गायन व सादरीकरण’ असे शब्द आहेत. कॉलेजात गेल्यावर फिरोदिया करंडकाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत टीममधून गायचं म्हणून तू जुलैची वाट बघते आहेस. या वाक्यानुसार फिरोदियाच्या रंगमंचावर उभं राहायलाही तुला कंपनीला विचारावं लागेल.

हे होतं, बरं का. अमेरिकेत जोजो नावाची मुलगी आहे. बाराव्या वर्षी करार, तेराव्या वर्षी, 2004 मध्ये, पहिलंच गाणं गाजलं. मग कंपनीने तिचा पुढचा अल्बम वर्षानुवर्षं काढलाच नाही आणि करारामुळे तिला दुसरीकडे जाताही येईना. ऐन उमेदीचा काळ कोर्टकज्जात गेला. जुने अल्बम लोकांना ऐकायलाही मिळेनात, तेव्हा 2018 मध्ये तिने ते स्वतः पुन्हा गाऊन काढले. गळ्यात काही कमी नव्हतं तिच्या.

पुढे वाच. व्हिडिओचा, मेकअपचा, रील चालवण्याचा खर्च आधी तुझ्या वाट्यातून वसूल होणार आणि उरलं तर तुला. खर्चाचा हिशेब तुला कधी दाखवायचा, याबद्दल मात्र एक अक्षर नाही. त्यातच जाहिराती आणि मालिका यांच्या मानधनातले 30 टक्केही त्यांना. ती कामं तू त्यांच्या जन्माआधीपासून करते आहेस! हक्क किती काळाचे? कायमस्वरूपी. कुठले? अखिल विश्वातले. आपला कॉपीराइटचा कायदा असा की मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षं धरायची आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. म्हणजे त्यांनी काहीच लिहिलं नसतं तर तू बरी होतीस. त्यांनी लिहिलंय, म्हणून वाचायचं.

सातव्या पानावर तर कहर आहे. तुझ्या आवाजाचे नमुने वापरून ‘कृत्रिमरीत्या निर्मित सादरीकरण’ करायची परवानगी. अरिजित सिंगच्या आवाजाची एआयने नक्कल करणाऱ्यांना मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये रोखलं, पण त्याने कोणाला परवानगी दिलेली नव्हती. तू लेखी देऊन बसलीस तर कोर्टात काय सांगशील? तो परिच्छेद पूर्ण खोडायचा. तिथे घासाघीस नाही.

आणि ती हूकची, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारी, ओळ. किती खुशीत सांगितलंस, ‘ताई, ती मला रिक्षात सुचली!’ चांगली आहे, मलाही दिवसभर सुटली नाही. कागदावर मात्र तू फक्त गायिका आहेस, गीतकाराच्या जागी दुसऱ्याचं एकट्याचं नाव आहे. कायद्याने गीतकाराला आपली रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या वापरातून मिळणारा वाटा, वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (ही रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था) सोडून कोणाला लिहूनसुद्धा देता येत नाही, इतकं संरक्षण आहे. पण त्यासाठी आधी गीतकारांत नाव लागावं लागतं ना बाई! हे तू त्यांना बोलली नाहीस, कारण ‘दादा इतके चांगले आहेत, कसं विचारू’. भीड भिकेची बहीण, हे आपल्या आज्या उगीच म्हणत नव्हत्या.

तुझ्याहून लहान मुलीची एक गोष्ट याच पुण्यात घडलेली आहे. एप्रिल 1942 मध्ये मास्टर दीनानाथ इथे गेले तेव्हा लताबाई बारा वर्षांच्या होत्या. घर चालवायचं म्हणून तोंडाला रंग लावून चित्रपटात उभ्या राहिल्या. ते त्यांना कधी आवडलं नाही, वगैरे सगळे सांगतात. मी पुढचं सांगते. 1949 चा ‘महल’ आला, गाणं देशभर वाजलं, आणि पहिल्या रेकॉर्डवर गाणारीचं नाव छापलं होतं ‘कामिनी’. ते पडद्यावरच्या पात्राचं नाव. पुढे याच बाई गायकालाही रॉयल्टी हवी म्हणून अडून बसल्या. रफीसाहेबांचं म्हणणं, मानधन घेतलं, विषय संपला. त्यावरून साठच्या दशकात दोघं काही वर्षं एकत्र गायले नाहीत. रफीसाहेब देवमाणूस, वाद नाही. पण देवमाणसांमुळे बाकीच्या गाणाऱ्यांचं नुकसान होतं, हे माझं स्पष्ट मत आहे. गायकांच्या रॉयल्टीचा हक्क कायद्यात यायला 2012 साल उजाडलं. म्हणजे ज्यासाठी त्या अडून बसल्या, ते तुला आयतं मिळालंय.

मला मिळालं नव्हतं. डेक्कन क्वीनने मुंबईला जायचं, दुपारी जाहिरातीची जिंगल म्हणायची, व्हाउचरवर रेव्हेन्यू तिकीट चिकटवून त्यावर आडवी सही करायची, पाकीट घ्यायचं आणि संध्याकाळी त्याच गाडीने परत. व्हाउचरवर बारीक अक्षरात ‘सर्व हक्कांसह’ छापलेलं असायचं. एक जिंगल रेडिओवर वर्षानुवर्षं वाजली. शेजारच्या काकू कौतुकाने हाक मारायच्या, अगं तू लागलीस! त्या पाकिटानंतर तिचा एक पैसा आला नाही.

मग एका कॅसेट कंपनीने गणपतीच्या गाण्यांसाठी बोलावलं. आठही गाणी मी एकटीने गायची. मी म्हटलं, कागद घरी नेते, उद्या सकाळी सही करून आणते. ते म्हणाले, बाहेर गाणाऱ्यांची रांग आहे. खरंच होती. दुसऱ्या दिवशी माझ्या जागी दुसरी मुलगी गात होती. घरचे अजून म्हणतात, एका रात्रीच्या हट्टापायी आयुष्य घालवलंस. काही जणांनी तर मी माइकला घाबरले असंही पसरवलं. म्हणू देत. भाद्रपदात ती कॅसेट अजून मंडळांमधून वाजते. तिसऱ्या गाण्याच्या अंतऱ्यात ती पंचमावर नुसती उभी राहते, तिथे मी काय केलं असतं ते मला पाठ आहे, आणि ते ऐकताना पोटात तुटतं, खोटं कशाला बोलू? त्या मुलीला पुढे काय मिळालं ते मी सांगणार नाही, ती तिची गोष्ट आहे. पण उद्या कोणी तोच कागद पुन्हा समोर ठेवला, तर मी पुन्हा घरीच नेईन. एक रात्र वाचायला न देणाऱ्या माणसाने त्या कागदात काहीतरी ठेवलेलं असतं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि माझं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

असो. माझंच पुराण लांबलं.

तुझा आवाज चांगला आहे. खर्जात अजून पोकळ लागतो आणि दमश्वास कमी पडतो, त्याचं आपण बघू. ऑटोट्यूनला, म्हणजे मशीनने सूर दुरुस्त करण्याला, मी नावं ठेवत नाही. नाकात गायची सवय मात्र सोड, ती मालिकेतल्या लाडिक बोलण्यातून आली आहे. पॉप गा, खुशाल गा, पण लेबलवर काय छापायचं ते तुला विचारून छापलं गेलं पाहिजे.

शुक्रवारी बाबांना घेऊन ये. येण्याआधी पेन्सिल घेऊन स्वतः बस आणि जिथे कळत नाही तिथे खूण कर. सगळ्या पानावर खुणा झाल्या तरी लाजू नकोस. माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, कॉपीराइटचंच काम बघतात. त्यांची फी द्यायची, ‘ताईंच्या ओळखीने’ फुकट नाही. मागण्या मी लिहून ठेवते: मुदत पाच वर्षं, बंधन फक्त व्यावसायिक रेकॉर्डिंगपुरतं, सहा महिन्यांनी लेखी हिशेब, जाहिराती आणि मालिका करारातून बाहेर, हूकवर तुझं नाव. सगळं मिळणार नाही. निम्मं मिळालं तरी तू माझ्या पुढे गेलीस.

आणि त्यांनी ‘आजच सही हवी’ म्हटलं तर मला फोन कर, रात्री कितीही वाजता. तू नको बोलूस, मी बोलते.

तुझी,
ताई

ता. क. पाठवलेल्या फाइलमध्ये पाचव्या पानानंतर एकदम सातवं पान आहे. सहावं मागून घे.