रोटरी व्हॉल्व्हचे (हॉपरमधली पावडर फिरत्या पात्यांमधल्या खणांतून हवेच्या नळीत, म्हणजे लाइनमध्ये, सोडणाऱ्या झडपेचे) आरपीएम वाढवूनही लाइनमध्ये माल वाढत नाही. मोठा ब्लोअर (लाइनमध्ये हवा ढकलणारे यंत्र) बसवावा का?

बसवू नका. आधी व्हॉल्व्हमधून वर येणारी हवा कुठे जाते ते पाहा.

मी मक्याच्या स्टार्चच्या कारखान्यात देखभाल विभागात असताना नेमके हेच घडले होते. माल कमी पडतो म्हणून उत्पादन विभागाने व्हॉल्व्ह 20 वरून 35 आरपीएमवर नेला आणि माल आणखी घटला, कारण एवढ्या वेगात खण भरायच्या आतच पुढे सरकतो. हॉपरच्या (व्हॉल्व्हवरच्या मालाच्या टाकीच्या) काचेतून पाहिले, तर स्टार्च खाली उतरतच नव्हता; शिजणाऱ्या पिठल्यासारखा बुडबुडे फुटत जागच्या जागी खदखदत होता. माल टाकून रिकामा झालेला खण परत वर येताना लाइनच्या दाबाची हवा घेऊनच येतो, शिवाय पाती आणि बॉडी यांच्यामधल्या फटीतूनही हवा वर घुसते. नव्या व्हॉल्व्हमध्ये ही फट साधारण 0.1 ते 0.2 मिमी असते, आमच्याकडे 0.5 मिमीचे फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) विनासायास आत गेले. ही हवा काढून देण्यासाठी खण परततात त्या बाजूला व्हेंट असतो, पण पावडर उडते म्हणून त्याच्या तोंडावर कोणीतरी चार बोल्टांनी पत्रा आवळून वर रंगाचा हात मारला होता.

मी हे लेखी कळवले, तरी मोठा ब्लोअरच आला. त्याच नळीतून जास्त हवा जाऊ लागल्याने लाइनचा दाब चढला आणि गळती वाढली. शेवटी पत्रा काढून व्हेंट डस्ट कलेक्टरला जोडला, रोटर (पात्यांचा फिरता भाग) बदलला, वेग 18 आरपीएमवर आणला आणि मी आग्रहाने एक पूर्ण पाळी जुन्या ब्लोअरवर चालवून दाखवली. माल सुरळीत गेला. तरीही अहवालात ‘ब्लोअर बदलल्याने अडचण दूर झाली’ असेच लिहिले गेले, आणि ते मला आजही मान्य नाही.

हे सगळे दाबाच्या, म्हणजे हवेने माल पुढे ढकलणाऱ्या, लाइनबद्दल आहे. तुमची लाइन व्हॅक्यूमची, म्हणजे माल ओढून घेणारी, असेल, तर फीडच्या (माल आत सोडणाऱ्या) व्हॉल्व्हऐवजी रिसीव्हरखालच्या (माल पोहोचतो त्या टाकीखालच्या) व्हॉल्व्हची गळती तपासा. व्हेंटची नळी आडवी किंवा अरुंद ठेवली तर ती पावडरने तुंबते. स्टार्च, पीठ, साखर यांची धूळ स्फोटक असते, म्हणून अर्थिंग तपासा, आणि मोटरचा आयसोलेटर (वीज तोडणारा स्विच) बंद करून कुलूप घातल्याशिवाय व्हॉल्व्हमध्ये गेज घालू नका. ब्लोअरच्या मागणीपत्रावर सही करण्यापूर्वी फटीचे माप आणि व्हेंटची स्थिती साहेबांकडून लेखी मागून घ्या.