होंडा एनआर ७५० या मोटरसायकलला संग्राहक एवढा भाव का देतात? पुण्यात आणता येईल का?

भाव आहे तो पिस्टनला, म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरमध्ये वर-खाली सरकणाऱ्या दट्ट्याला. १९९२ मध्ये आलेल्या या गाडीचे पिस्टन गोल नाहीत. लांबट, टोकांना गोलावलेले, वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखे. एकेका पिस्टनला २ कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) आणि एकेका सिलिंडरला ८ व्हॉल्व्ह (हवा-इंधन आत घेणाऱ्या, धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा), म्हणजे ४ सिलिंडरना मिळून ३२! (माझ्या बुलेटला २ आहेत, तरी नाना पेठेतला आमचा मेकॅनिक कुरकुरतो.) बॉडी कार्बन फायबरची, काचेवर टायटॅनियमचा मुलामा, सायलेन्सर सीटखाली. बनल्या जेमतेम ३०० च्या आसपास.

पुण्यात आणायचं म्हणाल तर कठीण. ३ वर्षांहून जुनी गाडी सहसा आयात करता येत नाही आणि व्हिंटेज, म्हणजे फार जुन्या गाड्यांची सवलत मिळते ५० वर्षांनंतर. त्यामुळे २०४२ पर्यंत फोटोवरच भागवा.