इंदुरात धनुष्याने शिकार सुरू करायची तर किती खर्च येईल?

तुम्ही लिहिलंय की वय २७, नोकरी इंदुरात, वर्षभर अमेरिकेतल्या धनुष्याने हरीण मारणाऱ्यांचे व्हिडिओ पाहताय. देवासकडे काकांची शेती आहे, तिथे रोजडे उभा गहू तुडवतात. हाताशी ५० हजार आहेत, तेवढ्यात कंपाउंड, म्हणजे टोकांना चाकं असलेलं, धनुष्य घेऊन सुरुवात होईल का, असा प्रश्न आहे.

धनुष्याची सुरुवात होईल, चांगली होईल. शिकारीची होणार नाही, काकांच्या शेतातही नाही. मी इंदुरातच, लोकमान्यनगरात राहते, सात वर्षं तिरंदाजी करते आणि माझी चौदा वर्षांची मुलगी इंडियन राउंड, म्हणजे बांबूच्या धनुष्याची तिरंदाजी, खेळते. घरात माझी आणि मुलीची धनुष्यं आहेत, त्यामुळे पैसे कुठे जातात ते मला पक्कं ठाऊक आहे.

आधी कायद्याचं बोलते, कारण तो खर्च सगळ्यात मोठा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे फक्त मारणं नव्हे. पकडणं, फासा लावणं, हाकून नेणं, आमिष दाखवणं आणि यातलं काहीही करायचा प्रयत्न, हे सगळं शिकारीत येतं. म्हणजे बाण चुकला तरी गुन्हा होतोच. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार दंड. नीलगाय, म्हणजे आपल्याकडचा रोजडा, दुसऱ्या अनुसूचीत आहे. तिथेही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. धनुष्य आणि गाडी जप्त होते ते वेगळंच. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर वनखातं लेखी परवानगी देऊ शकतं, पण ती त्या त्या प्रसंगापुरती असते, छंदासाठी नसते. २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास शाजापूर जिल्ह्यात काळवीट आणि रोजडे हेलिकॉप्टरने हाकून, बोमा पद्धतीने, म्हणजे निमुळत्या कुंपणात घालून, जिवंत पकडून दुसऱ्या जंगलांत नेले. पिकांचं नुकसान सोसणाऱ्या गावांसाठी सरकारने काढलेला मार्ग तो होता. काकांनी आपली तक्रार वनखात्याकडे लेखी द्यावी.

राळामंडळला तुम्ही गेला असाल. टेकडीवर होळकरांची शिकारगाह आहे आणि आज भोवतीचं सगळं रान अभयारण्य आहे. रविवारी लोक मुलांना घेऊन चढतात, वाटेत हरणं दिसली तर सगळे थबकून बोलणं थांबवतात. मला ते फार आवडतं.

आता अमेरिकेचं. तुमचे व्हिडिओ तिथले आहेत, म्हणून तिथला हिशोबही समजून घ्या. तिकडे शिकारीचं कंपाउंड धनुष्य नेम धरायची साइट, बाण टेकवायची रेस्ट, भाता लावूनच तयार मिळतं. साधारण ४०० डॉलरपासून सुरू होतं आणि चांगलं हजाराच्या पुढे जातं. त्यावर राज्याचा परवाना लागतो, आणि दुसऱ्या राज्यातून आलेल्याला तो कितीतरी महाग पडतो. न्यूयॉर्कसारख्या राज्यात धनुष्याने शिकार करण्याचा वेगळा अभ्यासक्रम पूर्ण केल्याशिवाय परवानाच मिळत नाही. मग बाणाला लावायची धारदार पात्यांची टोकं, अंतर मोजायचं यंत्र, झाडावर बसायचं मचाण आणि त्यावर बांधून घ्यायचा पट्टा. धनुष्यांच्या विक्रीवर तिथे ११ टक्के खास कर आहे आणि तो पैसा वन्यप्राण्यांच्या संवर्धनाकडे जातो. ही सगळी व्यवस्था तिथल्या कायद्यावर उभी आहे. इथे त्यातलं फक्त धनुष्य येतं.

आणखी एक गोष्ट व्हिडिओत दिसत नाही. बाण गोळीसारखा धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. चार बोटं इकडेतिकडे लागला तर जनावर जखमी होऊन पळतं आणि शिकारी तासन्‌तास रक्ताचे थेंब शोधत फिरतो. म्हणून तिथले जाणते लोक वीस-तीस यार्डांच्या पलीकडे बाण सोडायला कचरतात, आणि त्या वीस यार्डांसाठी वर्षभर मैदानात घाम गाळतात. वीस यार्ड म्हणजे साधारण अठरा मीटर. इनडोअर तिरंदाजीचं अंतर नेमकं तेवढंच असतं. तुम्हाला त्या व्हिडिओतलं जे कसब आवडलंय, ते इथे एकही प्राणी न मारता पुरेपूर शिकता येतं.

आता पैशांचं. पहिलं धनुष्य मी चुकीचं घेतलं, ते आधी सांगते, म्हणजे तुमचे वाचतील.

मीही तुमच्यासारखीच आधी पडद्यावर पाहून भारावले होते. दुसऱ्या शहरातल्या एकाकडून शिकारीचं वापरलेलं कंपाउंड २८ हजारांना घेतलं. ६० पाउंडांचं होतं. पाउंड म्हणजे दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर. कंपाउंडमध्ये चाकांमुळे शेवटी हातावरचं वजन खूप उतरतं, म्हणून विकणारा म्हणाला की बायकासुद्धा आरामात ओढतात. पण मधला डोंगर चढल्याशिवाय ती उतरण येत नाही. मी धनुष्य आभाळाकडे उचलून, खांदा कानाशी नेऊन कसंबसं ओढायचे. दुसरी चूक मापाची. दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत इंचांत मोजायचं आणि अडीचने भागायचं, म्हणजे आपली ड्रॉ लेंथ, म्हणजे दोरी किती लांब ओढायची ते माप, ढोबळमानाने कळते. माझी ६३ इंच, म्हणजे २५.२. ते धनुष्य २९ वर लावलेलं होतं आणि कमीत कमी २७ पर्यंतच खाली येत होतं. मला ते कधीच बसणार नव्हतं. महिनाभरात उजवा खांदा इतका दुखू लागला की वेणी घालता येईना. फिजिओथेरपीच्या ११ बैठका झाल्या, प्रत्येकी ४००. धनुष्य शेवटी १७ हजारांना गेलं. ११ हजार त्यात आणि ४,४०० खांद्यात, मिळून १५,४०० रुपये गेले आणि हाती काही आलं नाही.

मग क्लबात तिरंदाजी शिकवणाऱ्या सरांकडे गेले. त्यांनी दोन महिने माझ्या हातात क्लबचं बांबूचं धनुष्य दिलं आणि पाच मीटरवर, समोर टार्गेटचा कागदही न लावता, नुसत्या बटवर बाण मारायला लावले. (तिरंदाज लक्ष्याच्या गादीला बट म्हणतात.) उभं कसं राहायचं, हात हनुवटीखाली रोज एकाच जागी कसा टेकवायचा, बोटं कशी सोडायची, एवढंच. फी महिना १,५०० होती आणि क्लबचं सामान वापरायला वेगळे पैसे नव्हते. सात वर्षांत मी खर्च केलेले सगळ्यात कामाचे पैसे ते.

त्यानंतर स्वतःचं घेतलं, २४ पाउंडांचं लाकडी रिकर्व्ह (चाकं नसलेलं, टोकं पुढे वळलेलं धनुष्य), तीन भागांत सुटणारं. ते १३,५०० ला पडलं. ॲल्युमिनियमचे आठ बाण ४५० प्रमाणे ३,६००. बोटांना लावायचा टॅब ७००, आर्मगार्ड ३५०, भाता ९००, दोरी चढवायचा स्ट्रिंगर ४००. एकूण १९,४५०. तीन महिन्यांची फी धरली तर २४ हजारांच्या आत सुरुवात झाली. सुटं होणारं धनुष्य घेण्याचा फायदा असा की हात तयार झाल्यावर फक्त लिंब्स, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या दोन भुजा, बदलले. ३० पाउंडांची नवी जोडी पाच हजारांना आली, धनुष्य तेच राहिलं.

स्ट्रिंगरचे ४०० वाचवायला जाऊ नका. पाय अडकवून दोरी चढवताना लिंब पिळवटतो, आणि एकदा पिळवटला की सरळ होत नाही.

कंपाउंड मी दीड वर्षाने घेतलं. धनुष्य ४६ हजार, साइट ५,५००, रेस्ट २,५००, दोरी सोडायचं रिलीज ४,५००, दोरीवर पीप (नेम धरताना डोळ्यासमोर येणारं भोक) आणि लूप (रिलीज अडकवायचा फास) बसवून घेणं ८००, आठ कार्बन बाण सहा हजार, पेटी ३,५००. म्हणजे ६८,८००. लोक धनुष्याची किंमत विचारतात आणि थांबतात, पण इथे पाहा, धनुष्याच्या निम्म्याएवढा खर्च वरच्या सामानाचा आहे. हे आकडे मी भरले त्या वेळचे. बरंचसं सामान बाहेरून येतं, त्यामुळे भाव डॉलरबरोबर हलतात. मोठ्या स्पर्धा खेळणाऱ्यांचा संच दोन-तीन लाखांचा असतो, तिकडे आत्ता पाहायचंच नाही.

बाणांबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवा माणूस इथेच फसतो. धनुष्य एकदा घ्यायचं, बाण घेतच राहायचे. पहिल्या वर्षात माझे ११ बाण गेले, काही गवतात हरवले, काही बटच्या लाकडी चौकटीवर आदळून वाकले. बाणाचा ताठपणा, ज्याला स्पाइन म्हणतात, तो धनुष्याच्या पाउंडांशी आणि तुमच्या बाणाच्या लांबीशी जुळायला लागतो. न जुळलेला बाण कितीही महाग असला तरी शेपूट हलवत तिरका जातो, आणि नवा माणूस आपल्या हाताला दोष देत बसतो. म्हणून धनुष्याच्या आधी किंवा एकटे बाण मागवू नका. फार हलका बाणही नको, साधारण पाउंडामागे पाच ग्रेन (बाण तोलायचं छोटं माप) वजन हवंच. नाहीतर रिकामी दोरी सोडल्यासारखा सगळा झटका धनुष्यालाच बसतो. रिकामी दोरी तर कधीच, गंमत म्हणूनसुद्धा, सोडू नका. लिंब तडकतो आणि त्याचे तुकडे तोंडावर येतात.

कार्बनचे बाण घेतलेत तर प्रत्येक बाण सोडण्याआधी दोन हातांत धरून हलकेच वाकवायचा आणि कान द्यायचा. किंचितही चरचर ऐकू आली तर बाण मोडून टाका. तडा गेलेला कार्बनचा बाण सुटताना फुटून त्याच्या चिरफळ्या धनुष्य धरलेल्या हातात घुसतात. शिकारीची पात्यांची टोकं मात्र घेऊच नका. ती बट चिरून टाकतात, आणि आपल्याकडे ती बाळगण्याचं काही कारणही नाही.

बट घरी होते. तागाची दोन पोती एकात एक घालून त्यात जुने कपडे आणि प्लास्टिकच्या पिशव्या दाबून दाबून भरल्या की ३० पाउंडांचा बाण सहज थांबतो. शिवणकाम करणाऱ्यांकडून चिंध्या फुकट मिळतात. पण गच्चीवर किंवा कॉलनीच्या गल्लीत मारू नका. बटमागे मातीचा उंच बांध किंवा पक्की भिंत हवी आणि बाजूने कोणी येणार नाही अशी जागा हवी. काकांचं शेत इथे खरंच उपयोगी पडेल, पीक निघाल्यावर, बांधाच्या आडोशाने.

आणि तुम्ही मुळात रानात फिरून नेम धरायला निघाला होता, नाही का? त्याचाही खेळ आहे. वर्ल्ड आर्चरी या जागतिक तिरंदाजी संघटनेची थ्रीडी स्पर्धा असते. जंगलातल्या वाटेवर फोमचे प्राणी ठेवलेले असतात, अंतर सांगत नाहीत, ते तुम्ही डोळ्याने ओळखायचं आणि बाण सोडायचा. कंपाउंडला अंतर जास्तीत जास्त ४५ मीटर. मी आणि मुलीने पुठ्ठ्याचे थर चिकटवून हरणाचा आकार कापला, छातीवर खडूने वर्तुळ काढलं आणि एका ओळखीच्यांच्या शेतात, बाभळीखाली, बांधाला टेकवून ठेवला. पहिल्यांदा तो २० मीटर वाटला, मोजला तर २७ निघाला. तेव्हा कळलं की व्हिडिओत जे सोपं दिसतं त्याच्यामागे किती वर्षांचा डोळा असतो.

मुलीचं धनुष्य बांबूचं आहे. इंडियन राउंडमध्ये बांबूचीच धनुष्यं असतात आणि अंतरं ५० आणि ३० मीटर. रिकर्व्ह-कंपाउंडच्या मानाने हा फार कमी खर्चाचा रस्ता आहे, म्हणून पैसे बेतात असतील तर इथूनच सुरुवात करा. गेल्या भगोरियाला, म्हणजे होळीच्या सुमाराच्या आदिवासी मेळ्याला, तिला झाबुआकडे नेलं होतं. एका भिल्ल आजोबांनी आपला कामठा, म्हणजे धनुष्य, तिच्या हातात दिला. त्याची दोरीसुद्धा बांबूच्या पट्टीची होती. तिने ओढून पाहिला, अर्ध्यापर्यंतच आला. आजोबांनी तिचा खांदा दोन बोटांनी खाली दाबला, सर दाबतात तसाच, आणि कामठा पुढे सरकला.

घरात एखादं लहान आणि चिकाटीचं मूल असेल तर त्याला जबलपूरच्या राज्य तिरंदाजी अकादमीच्या निवड चाचण्यांची माहिती काढून द्या. मुस्कान किरार जबलपूरचीच, २०१८ च्या आशियाई खेळांत कंपाउंडच्या सांघिक रौप्यात ती होती. आणि कंपाउंड शिकून पुढे काय, असं कोणी विचारलं तर नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची अदिती स्वामी यांची नावं सांगा. २०२३ मध्ये बर्लिनला दोघंही एकाच स्पर्धेत वैयक्तिक विश्वविजेते झाले. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये कंपाउंडची मिश्र सांघिक स्पर्धा पहिल्यांदाच असणार आहे.

तुमच्या ५० हजारांचं मी असं करीन. तीन महिने प्रशिक्षकाची फी, क्लबच्या धनुष्यावर. मग २० ते २४ पाउंडांचं सुटं होणारं रिकर्व्ह आणि लागणारं सामान, २० हजारांच्या आसपास. उरलेले २५ हजार तसेच ठेवा. वर्षभराने कंपाउंडची ओढ तशीच असेल तर त्यात भर घालून घ्या, नाहीतर नव्या लिंब्ससाठी आणि बाणांसाठी ते लागतीलच. जिल्हा तिरंदाजी संघटनेत विचारा, सकाळचा सराव कुठे चालतो ते सांगतील. एकदा नुसतं पाहायला जा, काहीही विकत न घेता. जाण्याआधी भिंतीला पाठ लावून, हात पसरून कोणाकडून तरी माप घ्या, अडीचने भागा आणि तो आकडा खिशात ठेवा. सर पहिल्यांदा तोच विचारतील.