सवाल संगणकाचे: यादीत आलं म्हणून उडवू नका

प्रश्न : सर, मी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे. कागल, शिरोळकडच्या साखर कारखान्यांची ऊसबिलं आमच्या पायथॉन-जॅंगोच्या (पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा, जॅंगो हा तिच्यातला वेबसाइट बांधायचा सांगाडा) प्रोग्रॅमवर निघतात. परवा 'व्हल्चर' हे टूल चालवलं, तर न वापरलेल्या कोडची ही लांबलचक यादी आली. मालक म्हणतात, शनिवारी बसून सगळं उडवून टाक. उडवू का?
– एक वाचक

उत्तर : शनिवारी तर नकोच. गळीत चालू असलं की कारखाना रविवारीही बिलं काढतो, आणि फोन उचलायला तुमच्याकडं कोणी नसणार.

आता यादी. प्रत्येक ओळीपुढं खात्रीचे टक्के छापलेले असतात, ते वाचलेत का? रिटर्नच्या (फंक्शन संपवणाऱ्या ओळीच्या) खाली पडून राहिलेल्या, कधीच न चालणाऱ्या ओळींना १००, इम्पोर्टना (दुसरीकडचा कोड आणणाऱ्या ओळींना) ९०, आणि फंक्शन, क्लास, व्हेरिएबल यांना फक्त ६०. साठचा अर्थ एवढाच, की हे नाव पायथॉनच्या फायलींत दुसरीकडं कुठं सापडलं नाही. पण जॅंगोत एखादी मेथड नुसती एचटीएमएल टेम्प्लेटमधून (पानाच्या साच्यातून) बोलावलेली असते, ती टेम्प्लेटं व्हल्चर वाचतच नाही. मेनूचं टेबल डेटाबेसमध्ये असेल आणि त्यातल्या नावावरून फंक्शन चालत असेल, तर तेही त्याला दिसत नाही.

मग लॉग, म्हणजे प्रोग्रॅममध्ये काय कधी चाललं त्याची नोंद, बघू म्हणाल. बघा, पण तुमच्या धंद्यात लॉगही फसवतो. ऊस घातल्यापासून १४ दिवसांत बिल दिलं नाही तर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावं लागतं, हे १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात आहे. त्या व्याजाचं फंक्शन वेळेवर पैसे देणाऱ्या कारखान्यात वर्षानुवर्षं चालणारच नाही. टूल म्हणेल मेलंय, लॉगही म्हणेल मेलंय. ते लागतं की नाही, हे कारखान्यातल्या केन अकाउंटच्या (ऊसबिलांच्या विभागाच्या) जुन्या क्लार्कलाच ठाऊक. त्यांच्यासमोर चहा घेत ६० टक्केवाली यादी वाचून दाखवा.

म्हणून सगळंच ठेवायचं, असंही नाही. १ ऑगस्ट २०१२ ला अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत, २००३ नंतर न वापरलेला कोड एका सर्व्हरवर अचानक जागा झाला. नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढला होता. पाऊण तासात ४६ कोटी डॉलरच्या वर नुकसान!

तेव्हा सुरुवात १०० आणि ९० वाल्यांपासून करा. फंक्शनं थोडी थोडी काढा, प्रत्येक वेळी वेगळा कमिट (बदलाची नोंद). नको असलेला कोड कॉमेंट करून (न चालणारी टीप बनवून) ठेवायची सवय सोडा. जुनं गिटमध्ये (कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या टूलमध्ये) असतंच. जे मुद्दाम ठेवताय ते व्हाइटलिस्टमध्ये (व्हल्चरनं दाखवू नयेत अशा नावांच्या यादीत) घाला आणि शेजारी कारण लिहा, नाहीतर पुढच्या वर्षी नवीन पोरगं तेच पुन्हा काढायला बसेल. आणि एकदा टेस्टचा (प्रोग्रॅम तपासणाऱ्या कोडचा) फोल्डर वगळून व्हल्चर चालवा. नुसत्या टेस्टच्या जिवावर जगणारी फंक्शनं तेव्हाच हाती लागतात.